समाजऋणाची मुदत कोणी वाढवली?

सुशिक्षित मराठी घरांत गेल्या पिढी-दीड पिढीत एक मत इतके रुळले आहे की ते केवळ एक मत आहे, निर्विवाद सत्य नव्हे, याचे भान ते मांडणाऱ्यांना क्वचितच राहते. मुलांनी शिकावे, चांगले गुण मिळवावेत, आपल्या पायांवर उभे राहावे. समाजाचे जे काही देणे त्यांच्या माथ्यावर असेल ते पुढे, ऐपत आल्यावर, सावकाशीने आणि भरघोस फेडावे. आणि तोपर्यंत आईवडिलांनी कर वेळेवर भरला, वर्षाकाठी एखाद्या संस्थेला देणगी देऊन पावती घेतली, म्हणजे त्या कुटुंबाचा समाजाशी असलेला जमाखर्च चुकता झाला, असे या मताचे स्वरूप आहे. शाळेने मुलांना आवार झाडायला लावले की याच मताच्या आधाराने मुख्याध्यापकांकडे लेखी हरकत नोंदवली जाते, आणि एखाद्या मुलाने शेजारच्या दृष्टी अधू झालेल्या गृहस्थांना रोज वर्तमानपत्र वाचून दाखवण्याचा नेम धरला की 'दहावीचे वर्ष आहे' एवढ्या तीन शब्दांनी तो नेम मोडला जातो.

या मताच्या पाठीराख्यांना मी स्वार्थी म्हणत नाही. त्यांच्यातील पुष्कळजण स्वतः कष्टांतून वर आलेले आहेत. आपल्या वाट्याला आलेली ओढाताण मुलांच्या वाट्याला येऊ नये ही त्यांची इच्छा सात्त्विक आहे. आणि त्यांनी पुढे केलेल्या कारणांपैकी एक तर इतके गंभीर आहे की त्याला उत्तर दिल्यावाचून सेवाधर्माची महती गाणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. त्या कारणाकडे मी यथावकाश येणारच आहे. परंतु एकंदरीने पाहता हे मत इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही, मुलांच्या कर्तृत्वाविषयी ते फार हलका समज बाळगते, आणि ज्या ऋणाची मुदत ठरवण्याचा अधिकार ऋणकोला कधीच नव्हता त्या ऋणाची मुदत ते परस्पर वाढवून घेते, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

आधी ऐपतीचा मुद्दा घेऊ, कारण बाकीचा सारा युक्तिवाद त्याच्यावरच उभा आहे. देण्यासाठी हाताशी आधी शिल्लक असावी लागते, हे गृहीतक महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाने तरी कधी मान्य केलेले नाही. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना लोकांपुढे मांडली तेव्हा दर माणसाने वर्षाला एक पैसा द्यावा एवढीच त्यांची मागणी होती, आणि लोकमान्य टिळकांचे पाठबळ लाभलेल्या त्या फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. धोंडो केशव कर्वे यांनी आपल्या कोकणातल्या मुरुड गावाच्या भल्यासाठी तरुणपणीच 'मुरुड फंड' काढला तेव्हा महर्षी ही पदवी आणि भारतरत्न हा किताब त्यांच्यापासून फार दूर होते. बेताच्या मिळकतीत भागवणारा तो एक तरुण होता. पोर्तुगीज अमलात मराठी शिक्षणाला राजाश्रय मिळण्याची आशा नसताना पणजीत लोकांनी जी संस्था काढली ती 'मुष्टिफंड' म्हणूनच ओळखली गेली, कारण घरोघरून गोळा होणाऱ्या मूठ मूठ तांदळावर ती उभी राहिली होती.

आणि साताऱ्याचे उदाहरण तर याहूनही बोलके आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली ती साताऱ्यास आणली. सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह चालवताना धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रसुद्धा मोडले, ही हकीकत महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते. त्या त्यागाच्या तेजाने मात्र शेजारचीच एक साधी गोष्ट झाकोळून जाते. पहाटे जात्यावर बसलेल्या बाईने दळणाला हात घालण्यापूर्वी सुपातली एक मूठ जवळच्या मडक्यात टाकायची, मडके भरत आले की ते धान्य वसतिगृहाकडे जायचे, आणि त्याच्या भाकऱ्या मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशा सर्व मुलांच्या एकाच पंगतीत वाढल्या जायच्या. ती बाई बहुधा निरक्षर होती. तिच्या घरात शिल्लक म्हणावी अशी वस्तू नव्हती. ती जे देई ते त्याच दिवसाच्या जेवणातून वजा होई, आणि ते वजा होताना तिची मुले जात्याच्या पलीकडे बसून पाहत असत. ऐपत येण्याची वाट त्या बाईने पाहिली असती, तर ज्या नातवंडांना आज ऐपतीची भाषा बोलता येते त्यांतील कित्येकांचे आजोबा चौथीपुढे शिकले नसते.

विनोबा भावे यांनी याच रूढीला एक पाऊल पुढे नेले. शांतिसेनेच्या उभारणीच्या काळात, १९५७ नंतर, त्यांनी घरोघर सर्वोदय-पात्र ठेवण्याची कल्पना मांडली आणि तीत असा आग्रह धरला की त्या पात्रात रोज पडणारी धान्याची मूठ घरातल्या मुलाच्या हातची असावी. मोठ्या माणसाच्या मुठीत अर्थातच अधिक धान्य मावले असते. तरीही त्यांनी लहान मूठ मागितली, यातच त्यांचा अभिप्राय दिसतो. आपल्या घरात आलेले सारेच आपले नाही, त्यात एक वाटा बाहेरच्यांचा आहे, ही जाणीव मुलाला व्याख्यानाने देता येत नाही. ती रोजच्या रोज, जेवणाइतकी नियमित, हाताच्या सवयीने द्यावी लागते, हे त्यांनी ओळखले होते.

येथे जुन्या काळाची सरसकट भलामण करणाऱ्यांनाही थांबवणे अवश्य आहे. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, माधुकरी मागून शिकत, आणि कुटुंबे त्यांना आनंदाने पोसत, असे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. आणि त्या कुटुंबांचे औदार्य खोटे होते असे मी म्हणणार नाही. पण माधुकरीच्या झोळीत पडणारे अन्न विद्यार्थ्याची जात पाहून पडत होते. ज्या मुलाला शिक्षणाची सर्वांत अधिक गरज होती त्याला त्या ओसरीवर पाय ठेवण्याचीही मुभा नव्हती. म्हणून आपल्याला आदर्श हवा असेल तर तो ओसरीवर वार लावून जेवणाऱ्या त्या विद्यार्थ्याच्या पानात शोधू नये. साताऱ्याच्या त्या मडक्यात शोधावा, ज्यातले धान्य कोणाच्या पोटी जाणार हे देणारीने विचारले नाही.

आता दुसरा समज पाहू. मूल म्हणजे अजून तयार न झालेला माणूस. त्याने केलेल्या सेवेला फार तर सरावाचे मूल्य आहे, समाजाला तिचा प्रत्यक्ष उपयोग तो काय, असे विचारले जाते. या प्रश्नाला तत्त्वचर्चेने उत्तर देण्याची गरज नाही. दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला उत्तरपत्रिका लिहिण्यासाठी लेखनिक घेण्याची सवलत आहे. परंतु लेखनिकाने आपल्या ज्ञानाची भर परीक्षार्थ्याच्या उत्तरांत घालू नये यासाठी तो खालच्या इयत्तेत शिकणारा असावा अशी अट आहे, आणि ती अट रास्तच आहे. तिचा परिणाम असा की दहावीच्या अंध मुलाला जो लेखनिक हवा तो नववीतला किंवा त्याहून लहान मुलगा वा मुलगीच असू शकते. तेथे प्राध्यापक चालत नाही, निवृत्त न्यायाधीश चालत नाही, संस्थेला लाखांची देणगी देणारा कारखानदारही चालत नाही. सगळ्या समाजात हे काम करण्यास पात्र असा एकच वर्ग आहे, आणि त्याच वर्गाला आपण 'तू अजून लहान आहेस' असे सांगून घरी बसवतो.

माझ्या परिचयातल्या एका नववीच्या मुलीने हे काम केले. तळमजल्यावरच्या एका वेगळ्या खोलीत ती आणि तो परीक्षार्थी शेजारी शेजारी बसत, समोर पर्यवेक्षक. तिने प्रश्न वाचायचा, त्याने ऐकायचा, पुष्कळदा पुन्हा वाचायला लावायचा, मग क्षणभर गप्प राहून उत्तर सांगायला लागायचे, आणि तिने ते जसेच्या तसे उतरवायचे. मराठीच्या उत्तरपत्रिकेत शुद्धलेखनाची जबाबदारी त्याची असल्याने तो 'परिस्थिती' हा शब्द सांगताना 'पहिल्या दोन ऱ्हस्व, शेवटची दीर्घ' असे बजावून सांगे. हा शब्द आजवर आपण चुकीचा लिहीत होतो, हे तिला तेथे उमगले. इतिहासाच्या पेपरात त्याने एक उत्तर चुकीचे सांगितले. बरोबर उत्तर तिला येत होते. तिने चुकीचेच लिहिले, कारण ती उत्तरपत्रिका त्याची होती, आणि सगळ्या परीक्षेत तेवढी एक ओळ लिहिणे आपल्याला सर्वांत जड गेले, असे तिने घरी येऊन सांगितले. दुसऱ्याला मदत करताना त्याच्या जागी आपण उभे राहायचे नसते, त्याची चूकसुद्धा त्याचीच राहू द्यायची असते, ही विवेकाची सूक्ष्म रेषा नीतिशास्त्राचे किती ग्रंथ वाचल्यावर कळते ते मला सांगता येणार नाही. त्या मुलीला ती एका पेपरात कळली.

या कामात ती एकटी नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. तिला केंद्रावर पोचवण्यासाठी आईने कचेरीतून सकाळची सवलत मागून घेतली होती. परीक्षार्थ्याला मिळणाऱ्या जादा वेळेमुळे परतायला उशीर होई म्हणून धाकट्या भावाला शाळेतून आणण्याचे काम आजोबांनी पत्करले होते. आणि तिची स्वतःची वार्षिक परीक्षा पुढच्याच महिन्यात असल्यामुळे बुडालेला अभ्यास रात्री वडील करून घेत. म्हणजे लेखनिक एक होती, पण सेवा साऱ्या कुटुंबाने केली. तिचा स्वतःचा निकाल पुढे कसा लागला हे मी मुद्दाम सांगत नाही. तो चांगला लागला म्हणून ते काम योग्य ठरत नाही, आणि वाईट लागला असता तरी ते अयोग्य ठरले नसते.

अशी मुले मिळवण्यासाठी अंध विद्यार्थ्यांचे पालक आणि शिक्षक यांना दारोदार फिरावे लागते, आणि 'आमच्या मुलाचे नुकसान होईल' हे उत्तर त्यांना पुनःपुन्हा ऐकावे लागते. ते उत्तर देणाऱ्या आईवडिलांना माझा एकच सवाल आहे. तुमचा मुलगा मोठा होऊन नामांकित अभियंता होईल, भरपूर मिळवील, उदारपणे देईल, हे सारे मी आजच मान्य करतो. पण जे काम चौदाव्या वर्षीच करता येते ते तो चाळिसाव्या वर्षी कोणत्या चलनात फेडणार आहे? काही देणी अशी असतात की ती मुदतीत दिली नाहीत तर पुढे कितीही रक्कम मोजली तरी ती फिटत नाहीत. ज्या अंध मुलाचे वर्ष लेखनिक न मिळाल्याने वाया जाईल त्याला पंचवीस वर्षांनी येणाऱ्या देणगीचा काय उपयोग?

अभ्यासाच्या नुकसानीची भीती खरी मानली तरी ती फार विस्ताराने खोडण्याची गरज मला वाटत नाही. 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, आणि तेथील मुले हातात कुदळ-फावडे घेऊन पदवीपर्यंत पोचली. ज्या घरांत मुलांना शिकवणीला नेण्या-आणण्यात रोजचे कित्येक तास जातात त्या घरांनी आठवड्यातला एक तास सापडत नाही असे म्हणावे, हे पटण्यासारखे नाही. कराच्या मुद्द्याचेही तसेच. कर हे शासनाचे देणे आहे, ते भरण्यात उपकार नाहीत आणि चुकवण्यात गुन्हा आहे. त्यातून रस्ते, दवाखाने, शाळा व्हाव्यात हे आपण हक्काने मागितलेच पाहिजे. पण परीक्षेच्या खोलीत अंध मुलाच्या शेजारी बसून त्याचे ऐकून घेण्याचे काम कोणताही अंदाजपत्रकी मथळा करू शकत नाही.

आता त्या गंभीर आक्षेपाकडे वळतो. तो असा की या देशात मुलांच्या 'सेवे'चा इतिहास निर्मळ नाही. शाळेत झाडू कोणाच्या हाती दिला जातो, शौचालय धुवायला कोणाला पाठवले जाते, पाण्याच्या माठाला हात लावू न देता कोणाला बाहेर उभे केले जाते, याची उत्तरे पिढ्यान्पिढ्या जातीने दिली आहेत. घरातही तोच अन्याय वेगळ्या रूपाने चालतो: भाऊ मैदानावर जातो आणि बहीण धाकट्याला कडेवर घेऊन भांडी घासते, आणि तिच्या श्रमाला कोणी सेवा म्हणत नाही, संस्कार म्हणत नाही, तो गृहीतच धरला जातो. ज्या मुलांच्या आजी-आजोबांनी शिक्षण घेतले ते या झाडूपासून सुटका व्हावी म्हणूनच, त्यांच्या हाती शाळेने पुन्हा झाडू द्यावा आणि त्याला श्रमप्रतिष्ठेचे गोंडस नाव द्यावे, याचा संताप त्यांच्या पालकांना आला तर तो संताप सर्वस्वी न्याय्य आहे. ज्या शिक्षकाने शिक्षा म्हणून मुलाला साफसफाई करायला लावली त्याने २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मना केलेली गोष्ट केली, यातही शंका नाही. हा आक्षेप मी पूर्णपणे स्वीकारतो.

मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. काही मुलांवर काम लादले गेले, म्हणून सर्व मुलांना कामातून मोकळे करावे, असे केल्याने त्या अन्यायाचे निवारण होत नाही. ते काम मग मुकाट्याने पुन्हा त्याच वस्तीतल्या एखाद्या बाईकडे जाते, जिच्या नावाची चौकशी कोणी करत नाही, आणि उच्चभ्रू घरातले मूल घाण कोण काढते हे न पाहताच मोठे होते. या रोगावर ज्यांनी खरा उपाय केला त्यांनी काम टाकले नाही, काम करणारे हात बदलले. अप्पासाहेब पटवर्धन यांनी रत्नागिरीच्या तुरुंगात मैलासफाईचे काम आपल्याला मिळावे अशी मागणी केली. जातीच्या कारणास्तव ती नाकारली गेली तेव्हा त्यांनी अन्नाचा त्याग आरंभला, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी डिसेंबर १९३२ मध्ये उपवास केला. ब्राह्मण घरात जन्मलेला, उच्चविद्याविभूषित माणूस मैला उचलण्याचा हक्क मागत होता, कारण हे काम एका जातीच्या गळ्यात बांधलेले राहील तोवर अस्पृश्यता जाणार नाही, हे त्यांना दिसत होते. गाडगे महाराज एखाद्या गावात येत तेव्हा आधी खराटा हाती घेत आणि कीर्तन रात्री करीत. दिवसभर ज्या माणसाने आपले गाव झाडले तोच रात्री आपल्याला प्रश्न विचारतो आहे, हे पाहून पाटील-कुळकर्ण्यांच्या घरातली माणसेही दुसऱ्या दिवशी खराटे घेऊन बाहेर पडत. माझी मागणी म्हणूनच अशी आहे की शाळेत आवार झाडायचे असेल तर ते पाळीने आणि सर्वांनी झाडावे, मुख्याध्यापक त्यात असावेत, पाळीचे वेळापत्रक भिंतीवर उघड लावावे, आणि पालकसभेने ते तपासावे. घरी सेवेचा आरंभ करायचा असेल तर तो मुलाने आपल्या बहिणीच्या वाट्याची भांडी घासून करावा. या अटी पाळल्या जात नसतील तेथे ते काम बंदच पाडले पाहिजे, आणि बंद पाडणाऱ्या पालकांच्या बाजूने मी उभा राहीन.

प्रतिपक्षाचा आणखी एक पुरावा असतो, तो म्हणजे आजच्या शालेय-महाविद्यालयीन समाजसेवेचे पोकळ रूप. राष्ट्रीय सेवा योजना गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, फार थोर हेतूने सुरू झाली. विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास समाजासाठी द्यावेत आणि सात दिवस एखाद्या गावात शिबिराला राहावे, अशी तिची योजना आहे. या योजनेतून गावोगावी उत्तम कामे झाली आहेत, आणि तिच्या शिबिरातून घडलेली माणसे मी जवळून पाहिली आहेत. परंतु पुष्कळ ठिकाणी तासांची नोंदवही भरते आणि काम उरतेच, रोपे लावतानाची छायाचित्रे निघतात आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या रोपांना पाणी घालायला कोणी नसते, परदेशी विद्यापीठाच्या प्रवेशअर्जासाठी एखाद्या वस्तीत पंधरा दिवस शिकवल्याचा दाखला मिळवला जातो आणि सोळाव्या दिवशी त्या वस्तीतली मुले वाट पाहत बसतात. हे सर्व खरे आहे. हे दोष मात्र प्रमाणपत्राचे आहेत. जेथे देण्याची मोजदाद देणाऱ्याच्या फायद्यासाठी होते तेथे ते देणे राहतच नाही. त्यावरचा उपाय सेवा थांबवणे हा नसून ती दाखल्यांच्या कक्षेतून काढून पुन्हा घराच्या हाती देणे हा आहे, कारण घर आपल्या माणसाला प्रमाणपत्र देत नाही.

ज्यांना हे केवळ आदर्शवादी बोलणे वाटेल त्यांनी आषाढी वारीच्या दिवसांत यवतला जावे. तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघून पुणे, लोणी काळभोर करीत दौंड तालुक्यातल्या या गावी मुक्कामाला येते, आणि त्या रात्री वारकऱ्यांना पिठले-भाकरीचे जेवण असते. पिठले काळभैरवनाथाच्या मंदिरात भल्या मोठ्या कढयांत शिजते. भाकऱ्या मात्र गावातल्या आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरच्या घराघरांतून थापून येतात. त्या दिवशी एखाद्या घरात डोकावले तर दुपारपासूनच चुलीपुढे सासू-सुना आळीपाळीने बसलेल्या असतात. एकीने पीठ मळायचे, दुसरीने थापायचे, तिसरीने तव्यावरून काढून निखाऱ्यावर फुगवायचे. भाजलेल्या भाकऱ्या फडक्यावर पसरून त्यांची वाफ जाऊ देण्याचे आणि मग त्या दुरडीत रचण्याचे काम मुलांकडे असते, कारण गरम भाकरीवर भाकरी रचली तर ती चिकटते आणि शेकडो माणसांना वाढायच्या वेळी तुटते, हे त्या घरातल्या सात वर्षांच्या मुलालाही माहीत असते. मग वडिलांच्या पाठोपाठ ते मूल दुरडी सांभाळत मंदिराकडे जाते. तेथे त्याचे नाव कोणी लिहून घेत नाही. त्याच्या घरच्या भाकऱ्या इतर घरांच्या भाकऱ्यांत मिसळतात आणि आपण थापलेली भाकरी कोणत्या वारकऱ्याने खाल्ली हे त्या आजीला कधीच कळत नाही. कोणत्याही शाळेने हा उपक्रम लावलेला नाही, कोणत्याही विद्यापीठाने त्याला श्रेयांक दिलेले नाहीत, आणि तरी तो वर्षानुवर्षे चालू आहे. मुलांना सेवेचा कंटाळा असतो असे म्हणणाऱ्यांनी त्या दुरडीमागे धावणारी पोरे पाहावीत.

धार्मिक भावनेमुळे हे शक्य होते, एरवी होणार नाही, असे यावर कोणी म्हणेल. त्यांना महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या 'होळी लहान करा, पोळी दान करा' या मोहिमेची आठवण देतो. होळीत टाकायची पुरणपोळी आगीत न टाकता गरजूंपर्यंत पोचावी, यासाठी कार्यकर्ते आणि शाळकरी मुले होळीच्या संध्याकाळी वस्त्यांतून पोळ्या गोळा करतात. श्रद्धेच्या चौकटीत वाढलेले घर आणि त्या चौकटीची चिकित्सा करणारी चळवळ, दोघांनाही मुलाच्या हाती दुरडी देता येते. शहरातल्या सदनिकेत राहणाऱ्या कुटुंबाला यवतची चूल नसेल, पण गृहनिर्माण संस्थेतला ओला-सुका कचरा वेगळा करून देणे, जिन्यावरच्या एकट्या आजींचे निवृत्तिवेतनाचे कागद भरून देणे, सुट्टीत मजुरांच्या वस्तीतल्या मुलांबरोबर बसून पुस्तक वाचणे, यांतले काय अशक्य आहे? अट एवढीच की ते कुटुंबाने मिळून करावे, नेमाने करावे, आणि एकदा हाती घेतल्यावर दहावीचे वर्ष आले म्हणून टाकू नये. मुलाला एकट्याला पाठवून आईवडील घरी बसले तर मूल हे शिकते की सेवा ही लहानांकडून करवून घ्यायची गोष्ट आहे, आणि मोठेपणी तेही तसेच करते.

आईवडिलांना माझी विनंती अगदी नेमकी आहे. दहावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात आणि लेखनिकांचा शोध त्याच्या कित्येक महिने आधी सुरू झालेला असतो. ज्यांच्या घरी आठवी-नववीचे मूल आहे त्यांनी या दिवाळीच्या सुट्टीत त्या मुलाला बरोबर घेऊन जवळच्या अंधशाळेत किंवा अंध विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात जावे, तेथील शिक्षकांना भेटावे आणि लेखनिक म्हणून त्याचे नाव द्यावे. पुण्यात कोरेगाव पार्कला, मुंबईत दादरला अशा शाळा आहेत. आपल्या जिल्ह्यात कोठे आहे हे ठाऊक नसेल तर जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात विचारावे.